तिशीत आईची भूमिका घ्यावी का? रोहिणी हट्टंगडींच्या वाटचालीवरून सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही तेहतीस वर्षांच्या आहात. कॉलेजच्या एकांकिका, मग राज्य नाट्य स्पर्धा, आणि आता प्रायोगिक नाटकं असा प्रवास. एका दैनंदिन मालिकेत नायकाच्या आईसाठी विचारणा झाली आहे, आणि तो नायक तुमच्याहून पाच-सहा वर्षांनीच लहान आहे. जवळच्या माणसांत दोन तट पडलेत. एक म्हणतात, एकदा आई झालीस की कायमची आईच. दुसरे म्हणतात, रोहिणी हट्टंगडींनी तिशीतच म्हाताऱ्या केल्या, त्यांचं काय बिघडलं? हे उदाहरण आपल्याला खरंच लागू पडतं का, असं तुम्ही विचारलंय.

लागू पडतं, पण लोक देतात त्या अर्थाने नाही. मी बरीच वर्षं नाटकं बसवते आहे, नटांच्या कार्यशाळा घेते, आणि मालिकांच्या सेटवर नव्या कलाकारांकडून प्रसंग बसवून घेण्याचं कामही केलं आहे. त्या अनुभवावरून सांगते, तुम्हाला भीती वयाची वाटते आहे, पण घोडं अडणार आहे ते निराळ्या ठिकाणी. त्या आईला कथेत स्वतःचं काही करायला आहे का, हा एक भाग. आणि ही मालिका चालू असताना तुमच्या हातात दुसरं कोणतं काम उरणार आहे, हा दुसरा. या दोन्हींची उत्तरं मिळाली की वय आपोआप मागे पडतं. ती मिळाली नाहीत, तर अगदी पंचविशीची नायिका मिळूनही माणूस अडकतो. अशा नायिका मी पाहिल्या आहेत.

आता रोहिणीताईंकडे येऊ, कारण ‘तिशीत म्हातारी केली’ एवढंच सांगून लोक मोकळे होतात आणि त्याआधीचं सगळं गाळून टाकतात.

त्या मूळच्या पुण्याच्या. 1971 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेल्या, 1974 मध्ये बाहेर पडल्या. तिथे इब्राहिम अल्काझी संचालक होते आणि त्यांची शिस्त कडक होती. रोहिणीताई कथकली आणि भरतनाट्यम शिकल्या. विद्यालयात असताना त्या काबुकी या जपानी नाट्यशैलीच्या प्रयोगातही होत्या आणि यक्षगान या कर्नाटकातल्या लोकनाट्यातही. या दोन्ही शैली परंपरेने पुरुषांच्या. काबुकीत तर सतराव्या शतकापासून बायकांना रंगमंचावर मज्जाव झाला आणि स्त्रीभूमिका पुरुष करू लागले. नटाच्या दृष्टीने याला फार महत्त्व आहे. ज्या शैलीत पुरुष बाई होतो, तिथे बाईपण काय आणि वय काय, सगळं अंगाने घडवावं लागतं. गुडघे किती वाकवायचे, पाऊल केवढं टाकायचं, मान किती उशिरा वळवायची यावर माणूस उभा राहतो. आपल्याला निसर्गाने दिलेलं शरीर तिथे फक्त कच्चा माल असतो. हे ज्या नटीच्या अंगात मुरलंय, तिला साठीची बाई करताना आपलं तारुण्य गेलं असं वाटायचं कारणच नसतं.

पुढे मुंबईत त्या ‘आविष्कार’ या प्रायोगिक नाट्यसंस्थेच्या परिघात आल्या. स्पॅनिश नाटककार लोर्काच्या नाटकावरून बेतलेलं ‘चांगुणा’ त्यांचे पती जयदेव हट्टंगडी यांनी बसवलं आणि चांगुणा रोहिणीताईंनी केली. मुलासाठी आसुसलेल्या, त्या एका ओढीपायी होरपळत जाणाऱ्या बाईची ती भूमिका. ‘आविष्कार’चं काम तेव्हा दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात चालायचं. तो काही शिवाजी मंदिरसारखा मोठा रंगमंच नव्हे. प्रेक्षक इतके जवळ असायचे की नटाच्या कपाळावरची शीर दिसावी. प्रायोगिकवाल्यांना कॅमेऱ्याची भीती दाखवणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगते. छोट्या जागेत, हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसांसमोर खोटं न बोलता उभं राहता आलं, तर कॅमेऱ्याचं निम्मं शिक्षण झालेलं असतं. तुम्हीही हेच काम करत आला आहात. ते वाया जाणारं नाही.

चित्रपटात त्या 1978 साली सईद मिर्झांच्या ‘अरविंद देसाई की अजीब दास्तान’मधून आल्या. मग रिचर्ड अॅटनबरोंचा ‘गांधी’. चित्रीकरण 1980-81 मधलं, चित्रपट 1982 चा. कस्तुरबा तरुणपणापासून आगाखान पॅलेसमधल्या मृत्यूपर्यंत एकाच नटीने करायच्या होत्या, आणि नटी तिशीच्या आसपासची. त्या भूमिकेला 1983 मध्ये सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार विभागून मिळाला.

लोक शेवटच्या प्रसंगाबद्दल बोलतात. मी विद्यार्थ्यांना दाखवते तो दक्षिण आफ्रिकेतला प्रसंग. आश्रमात संडास साफ करायची पाळी येते. बा नकार देतात. गांधी रागाने त्यांना ओढत दाराबाहेर काढू पाहतात, आणि मग दोघंही भानावर येतात. प्रसंग अगदी छोटा आहे. त्यात बा आधी अपमानित आहेत, मग संतापतात, मग नवऱ्याची कीव केल्यासारख्या त्याच्याकडे बघतात, आणि शेवटी ते नकोसं काम करायला आपण होऊन निघतात. रोहिणीताईंचं शेवटचं वाक्य नीट ऐका. त्यात हार नाही आणि रुसवाही नाही. नवऱ्यापुढे नमलेली बाई तसं वाक्य बोलणार नाही. ते एका माणसाने स्वतःपुरतं ठरवून बोललेलं वाक्य आहे. हा निर्णय तरुणपणी दिसला म्हणून पुढे पांढऱ्या केसांतल्या बा आपल्याला ओळखीच्या वाटतात. रंगभूषा बदलली, पण आत तीच बाई आहे. वय करताना नटाने सांभाळायचा धागा हा.

‘गांधी’च्याच वर्षी, 1982 मध्ये आलेल्या ‘अर्थ’मध्ये त्या मोलकरीण आहेत. दारुड्या नवऱ्याचा मार खाऊन मुलीच्या शाळेसाठी पै-पै साठवणारी. फिल्मफेअर पुरस्कार त्या भूमिकेसाठी मिळाला. 1984 मध्ये ‘सारांश’. एकुलता मुलगा परदेशात मारला गेलाय आणि तो पुन्हा जन्म घेईल या आशेला चिकटून राहिलेली पार्वती प्रधान. समोर अनुपम खेर, वय अठ्ठावीस. शिवाजी पार्कातलं ते म्हातारं जोडपं पडद्यावर दोन तरुण नटांनी उभं केलं. त्याच वर्षी गोविंद निहलानींचा ‘पार्टी’, महेश एलकुंचवारांच्या नाटकावरचा. त्यात त्या नाटककाराची बायको आहेत, स्वतःचं अभिनयाचं काम मागे टाकून दारूत बुडालेली. राष्ट्रीय पुरस्कार या भूमिकेसाठी मिळाला. म्हणजे ज्या वर्षी त्या म्हातारी झाल्या, त्याच वर्षी आपल्या वयाच्या जवळची, कडवट, शहरी, अजिबात आईपण नसलेली बाईही त्यांनी केली. पाच वर्षांनी ‘चालबाज’ आला. त्यात पुन्हा अनुपम खेरच नवरा, पण या खेपेला दोघं मिळून पुतणीचा छळ करणारी खलजोडी, तीही विनोदी ढंगाची. ‘सारांश’ आणि ‘चालबाज’ एकापाठोपाठ एक पाहा. तीच दोन माणसं, आणि कुठेही एकाची सावली दुसऱ्यावर नाही.

शिक्का कशाने बसतो, ते इथे कळतं. एकाच वयाच्या दहा भूमिका केल्या म्हणून तो बसत नाही. एकच बाई दहा वेळा केली की बसतो.

आता दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी, नाहीतर तुमची दिशाभूल होईल. व्यावसायिक हिंदी चित्रपटाने रोहिणीताईंना न्याय दिला असं मी म्हणणार नाही. 1990 च्या ‘अग्निपथ’मध्ये त्या अमिताभ बच्चन यांच्या आई आहेत. वयाने बच्चन त्यांच्यापेक्षा बरेच मोठे. बाफ्टा मिळवलेल्या नटीला तिच्या पिढीतल्या, किंबहुना आधीच्या पिढीतल्या नायकाची आई करायची आणि नायक मात्र वर्षानुवर्षं नायकच, हा अन्याय आहे. तो गोड शब्दांत गुंडाळायची मला गरज वाटत नाही. त्यांनी त्या आईतही कणा आणला. मुलाचा गुन्ह्याचा पैसा नाकारणारी ती आई चित्रपटातली नैतिक बाजू एकटीने पेलते. तरीही ते त्यांचं श्रेय आहे, धंद्याचं नाही.

रीमा लागूंचं उदाहरणही डोळ्यांसमोर ठेवा. जन्म 1958 चा. 1999 च्या ‘वास्तव’मध्ये त्या संजय दत्त यांच्या आई आहेत, आणि संजय दत्त यांचा जन्म 1959 चा. एका वर्षाच्या अंतराने आई! 1989 मध्ये ‘मैंने प्यार किया’ केल्यापासून त्यांच्याकडे आयांची रीघ लागली. त्यांच्यावर शिक्का बसलाच नाही असं म्हणता येणार नाही. पण ‘पुरुष’ आणि ‘सविता दामोदर परांजपे’ ज्यांनी रंगमंचावर पाहिलं, त्यांच्या लेखी त्या कधीच फक्त आई नव्हत्या. पडद्यावर माया लावणारी ही बाई नाटकात काय ताकदीने उभी राहायची, हे मराठी प्रेक्षकाला ठाऊक होतं. ‘वास्तव’मध्ये स्वतःच्या मुलावर गोळी झाडणारी आई त्यांनी ज्या ताब्याने केली, तो ताबा नाटकातून आलेला आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता मालिकेकडे वळू, कारण तुमच्यासमोर चित्रपट नाही, मालिका आहे. रोहिणीताईंनी ‘चार दिवस सासूचे’ केली. ई टीव्ही मराठीवर 2001 ते 2013, तीन हजारांहून जास्त भाग. एवढा काळ एकच बाई रोज करायची म्हणजे काय असतं, हे सेटवर राहिलेल्यालाच कळतं. सकाळी हातात पडलेली पानं, दुपारी बदललेला ट्रॅक, एका दिवसात तीन भागांचे तुकडे, आधी रडायचा प्रसंग आणि मग त्याच्या आधीचा हसायचा. तिथे पाट्या टाकायची सवय पटकन लागते. पण त्याच नटीने एकपात्री ‘अपराजिता’ही केलं, दिग्दर्शन पुन्हा जयदेव हट्टंगडींचं. एकपात्रीत आधाराला कोणी नसतं, रिटेक नसतो, चुकलं तर सावरायला समोरचा नट नसतो. रियाज चालू आहे की नाही, हे तिथे पहिल्या दहा मिनिटांत उघडं पडतं. मालिका करावी की नाटक, असा तुमचा प्रश्न वाचताना मला वाटलं, त्यांच्या बाबतीत हे दोन रस्ते कधी वेगळे नव्हतेच. घराघरांत लोकांनी ओळखलं मालिकेमुळे, आणि मालिकेत टिकल्या नाटकामुळे. अलीकडे 2023 च्या ‘बाईपण भारी देवा’मध्ये सहा बहिणींतली थोरली त्याच आहेत, आणि त्या चित्रपटाला बायकांच्या झुंडीच्या झुंडी गेल्या.

हे सगळं तुमच्या बाबतीत कितपत लागू होतं, ते तुमच्या परिस्थितीवर आहे आणि ते मला इथून दिसत नाही. घरभाडं आणि घरच्यांची जबाबदारी तुमच्यावर असेल, तर महिन्याचं नियमित काम ही छोटी गोष्ट नव्हे. त्यासाठी भूमिका घेतली तर त्यात कमीपणा मुळीच नाही. घर चालवण्यापुरती दुसरी सोय असेल, तर थांबून निवडायची मोकळीक तुम्हाला आहे. तुम्ही मुंबईत राहता की बाहेरून येणार, हेही महत्त्वाचं आहे. सेट घोडबंदरला आणि तालीम पुण्यात असेल, तर सहा महिन्यांत दोन्हीकडची माणसं तुमच्यावर नाराज होतील. आणि एक मान्य करू या की ‘गांधी’सारखी संधी ठरवून मिळत नाही. ती आली तेव्हा तयारी होती, एवढंच आपल्या हातातलं.

भूमिका जोखायची कशी, ते माझ्या पद्धतीने सांगते. आईचे म्हणून जे प्रसंग तुम्हाला वाचायला देतील, त्यातली ‘बाळा’, ‘पोरा’ अशी संबोधनं मनातल्या मनात काढून टाका आणि पुन्हा वाचा. उरलेल्या वाक्यांत तिला स्वतःला काय हवंय ते दिसतं का? ती कोणाला नकार देते का, काही लपवते का, तिच्या एखाद्या निर्णयाने दुसऱ्याची वाट बदलते का? ‘सारांश’मधल्या पार्वतीला पुनर्जन्म हवाय, म्हणून ती घरातल्या भाडेकरू मुलीच्या गर्भात जीव गुंतवते आणि त्यामुळे नवऱ्याशी तिचा झगडा उभा राहतो. तिची इच्छा काढून घेतली तर अर्धा चित्रपट कोसळतो. तुमच्या मालिकेतली आई फक्त ताट वाढून नायकाचं दुःख ऐकून घेणार असेल, तर तुम्ही पंचविशीच्या असा की पन्नाशीच्या, ती भूमिका तुम्हाला काही शिकवणार नाही.

वय कसं करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ही भूमिका घेतलीत तर उपयोगी पडेल. आईची भूमिका दिली की नवी नटी आधी खांदे पाडते आणि आवाज जड करते. तसं करू नका. सत्तावीस वर्षांच्या मुलाची आई पन्नाशीची असते, आणि आज पन्नाशीची बाई बँकेत नोकरी करते, स्कूटर चालवते, सकाळी टेकडीवर जाते. तिथे म्हातारपण करायचंच नाहीये. करायची आहे ती सत्तावीस वर्षांची ओळख. मुलगा दारातून आत आला की ती मान वर करत नाही. चपला काढल्याच्या आवाजावरून त्याचा दिवस कसा गेला ते तिला समजतं, आणि मग ती हातातली भाजी निवडण्याचा वेग बदलते. कॅमेरा एवढंसं टिपतो आणि प्रेक्षक तुमचं वय विसरतो. खरोखरच सत्तरीची बाई करायची वेळ आली, तर जमिनीवरून उठण्यावर काम करा. तरुण बाई बोलता बोलता उठते. म्हातारी आधी वाक्य संपवते, हात कुठे टेकायचा ते बघते, उठते, आणि उठून झाल्यावर क्षणभर तिथेच उभी राहते. तो शेवटचा क्षण नाटकात मागच्या रांगेपर्यंत पोचेल एवढा मोठा ठेवायचा, पडद्यावर नुसत्या श्वासात. पाठ वाकवायची गरज बहुतेक वेळा पडतच नाही.

माझा सल्ला विचाराल तर, त्या आईला कथेत जागा असेल आणि नाटकासाठी मालिकेतून सुट्टी मिळणार असेल, तर काम घ्या. दोन्हींपैकी एकच मिळत असेल तर थोडी घासाघीस करा. दोन्ही नसेल आणि पैशाची निकड नसेल, तर नम्रपणे नाही म्हणा. त्यांना दुसरी आई सापडेल आणि तुम्हाला दुसरं काम मिळेल.

करारातल्या चार गोष्टी मात्र सहीआधी नक्की करून घ्या. महिन्याचे किमान किती दिवस आणि दिवसाची शिफ्ट किती तासांची. पैसे किती दिवसांनी येणार, कारण मालिकांत नव्वद दिवसांनी पैसे मिळणं सर्रास चालतं आणि पहिले तीन महिने तुम्हाला साठवणीतूनच काढावे लागतील. कथेत काही वर्षांची लीप आली तर तुम्हाला थेट आजी करणार का, आणि तेव्हा करारातून बाहेर पडायची मुभा तुम्हाला आहे का. या शेवटच्या मुद्द्यावर अनेक नट्यांची कोंडी झालेली मी जवळून पाहिली आहे, आणि ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ या तोंडी आश्वासनाचा कुणालाही उपयोग झालेला नाही. आणि नाटकाच्या तारखा. तुमच्या चालू नाटकाचे पुढच्या तीन महिन्यांतले प्रयोग, तालमी आणि दौऱ्याचे दिवस यांची यादी करून निर्मिती व्यवस्थापकाकडे आजच पाठवा, आणि एवढ्या तारखा सोडणार का याचं उत्तर लेखी मागा. ते काय उत्तर देतात ते इथे कळवा, मग पुढचं बोलू.